जुन्या गाडीचा एसी: गॅस शेवटी, तेल आधी

आर-१२ वर चालणारा गाडीचा एसी आर-१३४ए वर नेणे म्हणजे एक गॅस काढून दुसरा भरणे, अशी समजूत अजून अनेक गॅरेजांत आहे. भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सामील झाला, २००३ पासून नव्या उपकरणांत आर-१२ सारखा सीएफसी वापरणे बंद झाले आणि २०१० पर्यंत त्याचे उत्पादनही थांबले. त्यामुळे पुण्याजवळच्या नांदे, लवळे, सूस भागात हौशी मालकांनी जपलेली पहिल्या पिढीची मारुती ८०० किंवा काँटेसा आली, की तिच्यात मूळचा गॅस असेलच असे धरता येत नाही. मधल्या काळात कोणी काय भरले याची नोंद क्वचितच मिळते. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखी ज्वलनशील मिश्रणेही भरली गेली आहेत, आणि कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पुढ्यातच असते. म्हणून आत काय आहे ते आधी ओळखावे आणि ते हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने काढून घ्यावे.

खरे काम तेलाचे आहे. आर-१२ सोबत खनिज तेल चालत असे, कारण ते गॅसमध्ये मिसळून फिरत कंप्रेसरकडे परत येई. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये साचते, कंप्रेसर कोरडा पडतो, आणि दोष मात्र ‘नव्या गॅस’वर येतो. कंप्रेसर उतरवून जुने तेल निथळावे, कंडेन्सर आणि कॉइल फ्लश करावी. तरीही थोडे तेल आणि क्लोरीनयुक्त अंश मागे राहतातच. आर-१३४ए सोबत चालणाऱ्या तेलांपैकी पीएजी तेलाला ते सोसत नाहीत, एस्टर तेल बऱ्यापैकी सोसते. त्यामुळे कंप्रेसर बनवणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल, तर अशा बदलात एस्टरच बरे.

ड्रायर नवाच हवा, आणि त्यातला ओलावा शोषणारा दाणा आर-१३४ए ला चालणारा हवा. ओ-रिंगा एचएनबीआर रबराच्या घालाव्यात. होज तडकलेले नसतील तर लगेच बदलण्याची गरज नाही. जुने तेल मुरलेले होज अपेक्षेपेक्षा कमी गळतात.

मुळशीच्या पावसाळ्यात खरी परीक्षा ओलाव्याची. पीएजी आणि एस्टर दोन्ही तेले हवेतली वाफ ओढतात, म्हणून डबा उघडा ठेवू नये आणि नळ्यांची तोंडे बंद ठेवावीत. व्हॅक्यूम निदान अर्धा तास द्यावा, पावसात त्याहून जास्त. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे गेजचा काटा २८ इंचांच्या आसपासच थांबतो. पुस्तकातले साडेएकोणतीस दिसत नाहीत म्हणून चांगला पंप मोडीत काढणारेही असतात! पंप बंद करून काटा पाहावा. थोडा चढून स्थिरावला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती.

गॅस वजनावर भरावा. मूळ आर-१२ च्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करून ९० च्या पुढे सहसा जाऊ नये. मूळ माप ९०० ग्रॅम असेल तर आधी ७२० ग्रॅम. साइट ग्लासमधले बुडबुडे जाईपर्यंत भरण्याची जुनी सवय इथे नडते: आर-१३४ए मध्ये काच धूसर दिसू शकते आणि त्या नादात जास्त भरले जाते. ६० अंश तापमानाला आर-१२ चा दाब सुमारे १५ बार, तर आर-१३४ए चा १७ च्या जवळ असतो. हिंजवडीच्या कोंडीत उभ्या गाडीचा कंडेन्सर तापला की हा फरक जाणवतो. पंखा जोरात फिरतो का, कंडेन्सरच्या जाळीत माती आहे का, हे भरण्यापूर्वीच पाहावे, आणि हाय-प्रेशर स्विच नसेल तर बसवावा.

शेवटी पोर्टवर आर-१३४ए चे अडॅप्टर घट्ट बसवून बॉनेटखाली गॅस, तेल, वजन आणि तारीख लिहिलेले लेबल चिकटवावे.

आर-१३४ए ची हवामान तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट आहे, म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींतून तो हटला आणि तिथे मुख्यतः आर-१२३४वायएफ आला. तो महाग आहे, किंचित पेट घेणारा आहे आणि त्याचे पोर्ट वेगळे आहेत. आर-१२ च्या गाडीला थेट त्यावर नेण्याचा आग्रह ग्राहकाने धरला तरी तूर्त नाही म्हणावे. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतातली आर-१३४ए सारख्या एचएफसीची टप्प्याटप्प्याने कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे.