बिर्याणीवर खापर किती दिवस?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे आहेत. आपल्याकडे लगेच बिर्याणीवर खापर फुटतं. पण मुंब्रा-भिवंडीत रात्री एक वाजता शोरमा, कोल्ड्रिंक, मग फजरपर्यंत मोबाइल, हे कोण बघतं? मुलं निदान टर्फवर तरी जातात, तेही पैसे मोजून. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलीनं चालायचं कुठे? गल्लीत बाइक, मैदानात मुलांचं क्रिकेट. पंचविशीत शुगर निघाली की रिश्ता अडतो, म्हणून तपासणीही लपूनछपून. आपल्या शाळांची पटांगणं मात्र संध्याकाळी कुलूपबंद! मगरिबच्या आधी एक तास ती फक्त मुली-महिलांसाठी उघडायला ट्रस्टींना अडचण काय आहे?