फुकट ऐकवा आणि जिंका?

मध्यंतरी आमच्या ऑफिसात एक पाहुणे 'डिसरप्शन' शिकवायला आले होते. त्यांच्या एका स्लाइडवर शिकागोचे ते मक्याच्या कणसांसारखे जुळे टॉवर दिसले आणि मी हातातला फोन खाली ठेवला. माझ्या लाडक्या 'विल्को' बँडच्या 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या अल्बमचं ते कव्हर. गोष्ट त्यांनी अशी सांगितली: 2001 मध्ये रेकॉर्ड कंपनीनं हा अल्बम नाकारला, बँडनं तो इंटरनेटवर फुकट ऐकवला आणि जग जिंकलं. तात्पर्य, आधी फुकट द्या, पैसा मागून येतो. टाळ्या!

गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. उरलेली अर्धी मी सांगतो.

1987 मध्ये इलिनॉयमधल्या बेलव्हिल नावाच्या छोट्या गावात जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या तीन पोरांनी 'अंकल टुपेलो' सुरू केला. आजोबांच्या काळातलं कंट्री संगीत त्यांनी पंकच्या आवेशात वाजवलं. 1990 चा त्यांचा पहिला अल्बम 'नो डिप्रेशन' इतका गाजला की पुढे याच नावाचं मासिक निघालं आणि ऑल्ट-कंट्री या अख्ख्या प्रवाहाला लोक त्या नावानं ओळखू लागले. पण पहिल्या तीन अल्बमची रॉयल्टी मिळेना, म्हणून त्यांना छोट्या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. तोवर बँड कधीच फुटला होता. 1994 मध्ये फरार बाहेर पडला आणि उरलेल्यांना घेऊन ट्वीडीनं विल्को उभा केला.

म्हणजे 2001 मध्ये वेबसाइटवर गाणी टाकणारा माणूस कुणी नवखा नव्हता. चौदा वर्षं गावोगाव वाजवून त्यानं श्रोते कमावले होते. अल्बमच्या रेकॉर्डिंगचा खर्चही रिप्रीझ या कंपनीनं आधीच केला होता. तिनं नाकारलेला अल्बम 2002 मध्ये नॉनसचनं विकत घेऊन काढला. या दोन्ही कंपन्या एओएल टाइम वॉर्नरच्याच! एकाच मालकानं एका अल्बमसाठी दोनदा पैसे मोजले. याला 'फुकट' म्हणायचं असेल तर मलाही असं फुकट काम करायला आवडेल.

आणि त्या स्लाइडवर जे बेनेट कुठे होता? हाताला लागेल ते वाद्य वाजवणारा, या अल्बममधली बरीच गाणी ट्वीडीसोबत लिहिणारा बेनेट. अल्बम लोकांपर्यंत पोचायच्या आधीच त्याला बँडमधून काढलं गेलं. 2009 च्या मे महिन्यात त्यानं थकलेल्या रॉयल्टीसाठी ट्वीडीवर दावा लावला. त्याला खुब्याची शस्त्रक्रिया करायची होती आणि खर्चाची चिंता होती. त्याच महिन्यात वेदनाशामक औषधाच्या अतिमात्रेनं तो गेला. वय 45. ट्वीडी खलनायक आहे असं मला म्हणायचं नाही. तो वाद कोर्टात तडीला जायच्या आतच माणूस संपला. पण विजयाची गोष्ट सांगताना हिशेबातला माणूसच गाळायचा, याला माझी हरकत आहे.

कारण हे तात्पर्य पुढे कुणाच्या गळ्यात पडतं ते मी पाहिलंय. माझा एक मित्र गिटार वाजवतो. त्याला कार्यक्रमाला बोलावणारे मांडववाल्याला, साउंडवाल्याला, जेवणवाल्याला पैसे देतात आणि याला म्हणतात, ''एक्स्पोजर मिळेल ना!'' तो येण्याजाण्याचा खर्च खिशातून करतो. आपणही त्याच्या रीलला हार्ट देतो आणि पुढे सरकतो. मीही त्यातलाच. महिन्याला एका पिझ्झाच्या पैशात जगभरचं संगीत ऐकतो आणि स्वतःला रसिक म्हणवून घेतो.

फुकटाचं तत्त्वज्ञान नेहमी दुसऱ्याच्या कामाला लावलं जातं. त्या दिवशी टाळ्या वाजवणारे आम्ही सगळे पगार एक दिवस उशिरा झाला तर एचआरला मेल करणारे.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा मी हात वर केला. ''सर, आजच्या या भाषणाचं मानधन किती?''

सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, ''नेक्स्ट क्वेश्चन?''