पहिल्या नागरिकाची कसोटी

पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरणे हा पेण-रोह्याच्या घराघरांतील जुना परिपाठ. याच मुंबईच्या प्रश्नावर रोह्याचे सुपुत्र, कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. त्यानंतर वीस वर्षांनी, रोह्याला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातील नांदवीचा एक भिक्षुकाचा मुलगा मुंबईचा महापौर झाला. ते म्हणजे मनोहर जोशी.

१९३७ मध्ये जन्मलेल्या जोशीसरांनी माधुकरी मागून शिक्षण घेतले, मुंबई महापालिकेत कारकुनी केली आणि १९६१ मध्ये ‘कोहिनूर’ ही तंत्रशिक्षण संस्था उभारली. १९६८ मध्ये ते नगरसेवक झाले आणि १९७६-७७ मध्ये, ज्या महापालिकेत कारकून होते तिचेच महापौर. पुढे १९९५ मध्ये मुख्यमंत्रिपद आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२४ मध्ये ते निवर्तले. २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. पायरी न चुकवता चढलेला हा जिना आहे.

परंतु या चरित्राचा दुसरा धडाही डोळ्यांआड करता येणार नाही. मुख्यमंत्रिपदाच्या काळात पुण्यातील प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचे आरक्षण उठवले गेले आणि तेथे त्यांच्या जावयाची इमारत उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये ती कृती बेकायदा ठरवली. माधुकरीवर शिकलेल्या माणसाच्या कारकिर्दीला शाळेच्याच जागेचे गालबोट लागावे, याहून क्लेशकारक काय? विरोधकांच्या चुका मोजताना आपल्या बाजूच्या चुका झाकणारी निष्ठा ही निष्ठा नव्हे.

पेण आणि रोह्याला हे सांगण्याचे कारण आहे. मुंबईचा महापौर नगरसेवक निवडतात; कारभाराची सूत्रे १८८८ च्या कायद्याने आयुक्तांच्या हाती आहेत. याउलट २०२२ च्या निर्णयानुसार नगराध्यक्षाला थेट जनता निवडते. प्रशासकांच्या राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. लहान गावाचा नगराध्यक्ष या अर्थाने महानगराच्या महापौराहून अधिक उत्तरदायी आहे.

म्हणून मतदान करून आपले कर्तव्य संपले, असे कार्यकर्त्याने मानू नये. नळाचे पाणी, गटार, कचरा आणि विकास आराखड्यातील शाळा-मैदानांची आरक्षणे यांवर त्याची नजर हवी. आराखडा कचेरीत पाहता येतो. तो पाहावा, आरक्षित जागेवर जाऊन यावे, आणि तिथे भलतेच काही उभे राहत असेल तर नगराध्यक्ष आपल्या पक्षाचा असला तरी विचारावे. किंबहुना आपल्या पक्षाचा असेल तर आधी विचारावे.

पहिल्या नागरिकाचा मान पदाने मिळतो. तो टिकवणे मात्र त्याच्या आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांच्या हाती असते.