बुद्धिमंतांची शाळा : आराखडा कोणासाठी?

बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र शाळा असावी काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी 1962 साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापून आणि 1969 मध्ये प्रशाला काढून त्याला कृतीने उत्तर दिले. प्रज्ञावंतांतून समाजासाठी नेतृत्व घडावे, ही त्यामागील धारणा. 1983 मध्ये अप्पा गेले. संस्थेचे कार्य मात्र 1993 च्या भूकंपानंतर मराठवाड्यातील हराळीपर्यंत पोहोचले. संस्थापकाच्या पश्चात ध्येय वाढते राहावे, ही दीर्घकालीन नियोजनाची खरी कसोटी होय.

परंतु अशा कोणत्याही शाळेचा आराखडा इमारती, निधी आणि निकाल यांपाशी थांबता कामा नये. प्रवेशचाचणी कितीही निर्दोष असली, तरी ती दारापर्यंत आलेल्या मुलाचीच बुद्धी मोजते. शेतमजुराच्या घरातील कुशाग्र मूल तेथवर येणार कसे? नवोदय विद्यालयांत किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. जे सरकारी योजनेला साधले, ते स्वायत्त संस्थांना अशक्य नसावे. गावोगावच्या शिक्षकांना हाताशी धरून अशी मुले शोधणे आणि त्यांच्या शुल्काची तरतूद करणे, हे आराखड्याचे पहिले कलम असावे.