शब्दांच्या वाटेवरचे भामटे

अनुवादक आणि दुभाषी यांचे काम बव्हंशी एकाकी असते. कार्यालय नाही, वरिष्ठ नाही, शंका विचारायला शेजारी सहकारी नाही. काम देणाऱ्याची ओळखही पुष्कळदा केवळ ई-मेलपुरतीच. या एकटेपणावरच काही भामट्यांचा धंदा चालतो.

अमेरिकेतील दुभाष्यांच्या परिचयाचा एक प्रकार पाहावा. परदेशातून एक कुटुंब आठवडाभरासाठी येणार आहे, त्याला दुभाषी हवा, असे नम्र पत्र येते. मानधनाबाबत घासाघीस होत नाही. खरे तर शंकेची पहिली जागा हीच. मग धनादेश येतो, तोही ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा. ‘जास्तीचे पैसे आमच्या वाहनचालकाला पाठवा,’ अशी विनंती मागोमाग येते. तेथील नियमांनुसार बँकेला धनादेशाची रक्कम थोड्याच दिवसांत खातेदाराच्या हाती द्यावी लागते. तो बनावट असल्याचे मात्र कधी कधी काही आठवड्यांनी उघड होते. तोवर दुभाष्याने पैसे पाठवून दिलेले असतात, आणि बँक आपली रक्कम त्याच्याकडूनच वसूल करते.

दुसऱ्या प्रकारात नावच चोरले जाते. अनुवादकाने आंतरजालावर ठेवलेला बायोडेटा उचलायचा, त्यातला ई-मेलचा पत्ता तेवढा बदलायचा आणि त्याच्या नावावर यंत्राने केलेले भाषांतर खपवायचे. ज्याने वर्षानुवर्षे खपून पत मिळवली, त्याला याचा गंधही नसतो. ही चोरी पहिलीहून गंभीर मानली पाहिजे. पैसे पुन्हा कमावता येतात; ‘याचे भाषांतर वाईट असते’ हा शिक्का कोणाच्या दारी जाऊन पुसावा?

आपल्या देशात घरबसल्या अनुवादाचे किंवा टंकलेखनाचे काम देतो, असे सांगून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते. काम करणाऱ्यानेच काम देणाऱ्याला पैसे द्यायचे, हा व्यवहार उलटा आहे. पण ज्याच्या घरात चूल पेटण्याची चिंता आहे, त्याला तो उलटा दिसत नाही. म्हणून फसलेल्याला लोभी ठरवणे अन्यायाचे होईल.

कायदा अगदीच मुका नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये घातलेल्या कलम ६६-डीनुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र ती जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. नेमके येथेच घोडे अडते. शब्दांवर हुकमत असलेला माणूस आपण शब्दांनाच फसलो, हे सांगायला लाजतो. आणि मोलाचे तास निघून जातात.