गोरेगाव, पण लोकलवालं नव्हे!

"कुठली गं तू?"

"गोरेगाव."

"ईस्ट की वेस्ट?"

दोस्तहो, शहरात नोकरी शोधायला आल्यापासून हा डायलॉग शंभरदा तरी ऐकलाय. माझं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण, भोवती धानाची शेतं. समजावून सांगायचा कंटाळा, म्हणून मी 'नागपूरजवळ' म्हणून मोकळी व्हायचे. (जवळ कसलं, शंभर किलोमीटरच्या पुढे!)

परवा तर कहर झाला. आईला पाठवलेली साडी मुंबईचं गोरेगाव फिरून परत माझ्याकडे! आई फोनवर म्हणाली, "नाव काय वाचतात? पिन वाचा म्हणावं!"

म्हणून पिन वाचला. ४४१८०१. आणि आठवले द. रा. कापरेकर. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे मास्तर, आकड्यांचे वेडे. त्यांचा ६१७४ तुम्ही ऐकलाच असेल. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी.

लगेच मोबाइलवर कॅल्क्युलेटर! गोरेगाव वेस्ट, ४००१०४. बेरीज ९, भागाकार ४४४५६. हर्षद! आता आमचं. ४+४+१+८+०+१ = १८. भागाकार २४५४४.५. अर्ध्यावर अडकलं. बघा, इथेही वेस्टवालेच जिंकले!

पण मास्तरांचा आणखी एक खेळ आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना मात्र जनकच नसतो, उदाहरणार्थ २०. त्या स्वयंभू. आमचा पिन? अर्धा तास खपून सापडलं: ४४१७७४, बेरीज २७, दोन्ही मिळून बरोबर ४४१८०१. जनक आहे, आणि एकच आहे!

खरं सांगू? वेड्यासारखा आनंद झाला. शहरात आपण सगळेच स्वयंभू असल्याच्या थाटात वावरतो. नवा सीव्ही, नवे अ‍ॅक्सेंट, मागचं काही नाहीच जणू. मास्तरांना मात्र लहान गावाची लाज नव्हती. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनवरूनच 'डेम्लो' म्हटलं. स्वयंभू संख्यांना तर देवळालीचंही नाव मिळालं. मोठ्या पदव्या नसलेल्या या मास्तरांवर १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

साडी पुन्हा पाठवली. यंदा पाकिटावर पिन सगळ्यात मोठ्या अक्षरांत. आणि परवा कुणीतरी विचारलं, "ईस्ट की वेस्ट?"

म्हटलं, "४४१८०१. बेरीज करून बघ!"