विश्लेषण : बटणाचा गियर अडला, तर आधी बॅटरी का तपासावी?

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वरच्या येडशीसारख्या गावात ट्रॅक्टर, जीप किंवा दुचाकीचा गियर अडला, तर मिस्त्री दांडा हलवून, आवाज ऐकून दोष ओळखतो. आता गियर दांड्याऐवजी बटणाने पडणाऱ्या गाड्या येत आहेत. तिथे हाताला काहीच जाणवत नाही. मग ‘मोटर गेली’, ‘कंट्रोलर गेला’ असे निदान होते आणि महागडा सुटा भाग मागवला जातो. अनेकदा खरा दोष बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो. पार्ट बदलण्याआधी व्होल्ट मोजणे, ही सवय गॅरेजला आणि गाडीमालकालाही लागायला हवी.

बटण दाबल्यावर काय घडते?

या तंत्राचे ठळक उदाहरण म्हणजे एटीव्ही, अर्थात चार जाड टायरांची, रानात-चिखलात चालणारी गाडी. होंडाने १९९८ मध्ये ‘फोरमन ४५०’ या एटीव्हीत बटणाने गियर बदलण्याची सोय दिली. हँडलवरचे बटण दाबले की संदेश कंट्रोल युनिटकडे जातो. ते एका छोट्या मोटरला वीज देते. मोटर गियरबॉक्समधला दांडा थोडा फिरवते. त्याच हालचालीत आधी क्लच सुटतो, मग गियर बदलतो. दांडा किती फिरला हे एक सेन्सर सांगतो आणि कोणता गियर पडला हे दुसरा. यापैकी एकाचाही संदेश जुळला नाही, तर कंट्रोल युनिट गियर बदलणे थांबवते आणि डिस्प्लेवर गियरच्या आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसतात. गियरबॉक्स तुटू नये म्हणून केलेली ही योजना आहे. गियर पडला नाही म्हणजे गियरबॉक्स गेला, असे समजू नये.

तपासणीचा क्रम कोणता?

पहिली बॅटरी. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. स्टार्टर मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे.

दुसरे, टर्मिनल, फ्यूज आणि बॉडी अर्थ. ढिला नट किंवा रंगावर बसवलेली अर्थिंगची वायर एवढ्यानेही मोटरची ताकद जाते.

तिसरे, कपलर आणि वायरिंग. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात कपलरमध्ये शिरते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने मारलेले पाणी तिथेच साचते. गाडी गोठ्याशेजारी महिनाभर उभी राहिली तर उंदीर वायर कुरतडतात. कपलर उघडून हिरवा गंज दिसतो का पाहा, साफ करा, वाळवा.

चौथे, सेन्सर आणि बटणे. पाचवी, गियर बदलणारी मोटर. तिच्या टोकांवर पूर्ण व्होल्ट पोहोचूनही ती फिरत नसेल, तरच तिला दोष द्यावा. गियरबॉक्स उघडणे सगळ्यात शेवटी.

या पाचांपैकी पहिल्या तीन तपासण्यांना साधे मल्टीमीटर, पाना आणि फडके पुरते.

गाडी रानातच अडली तर?

सपाट जागी उभी करा, ब्रेक लावा, चावी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करा. अनेकदा कंट्रोल युनिट नव्याने तपासणी करून कामाला लागते. नाहीच झाले, तर अशा काही गाड्यांमध्ये पान्याने हाताने गियर पाडण्याची सोय असते. ती इंजिन बंद ठेवून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच वापरावी. वारंवार बटण दाबत राहिल्याने बॅटरी आणखी उतरते, एवढेच.

एटीव्ही नसलेल्यांनी हे का वाचावे?

कारण ई-रिक्षातला पुढे-मागे जाण्याचा स्विचही असाच संदेश देतो. तिथे गियर पडत नाही. कंट्रोलर मोटर उलटी फिरवतो. रिव्हर्स लागेना म्हणून कंट्रोलर बदलण्याआधी स्विच, कपलर आणि बॅटऱ्यांची जोडणी पाहावी. मात्र या गाड्यांत बहुधा ४८ व्होल्टची बॅटरी आणि मोठा करंट असतो, त्यामुळे ते काम जाणकारानेच करावे.

फक्त मिस्त्रीने शिकून भागेल का?

नाही. चौथ्या टप्प्यापुढे कंपनीची माहिती लागते : सेन्सरचे योग्य आकडे, वायरिंगचा नकाशा, बिघाडाचे कोड. ती अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरती राहिली, तर गावातला कुशल माणूसही अंदाजावरच पार्ट बदलणार. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीची माहिती व साधने मालकाला आणि स्वतंत्र मिस्त्रीला देण्याचा कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहने आणि शेती अवजारे ही दोन्ही क्षेत्रे आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर राहू नये आणि ती मराठीतही मिळावी, ही मागणी शेतकऱ्यांनी, रिक्षाचालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी एकत्र करायला हवी.

गाडी टेम्पोत घालून धाराशिव किंवा सोलापूरला न्यायची, तर भाडे जातेच, शिवाय पेरणीचे किंवा धंद्याचे दिवसही जातात. तोपर्यंत मालकाने मिस्त्रीला एक साधा प्रश्न विचारावा : ‘पार्ट मागवण्याआधी व्होल्ट किती आले?’ उत्तरात आकडा आला नाही, तर पैसे देण्याची घाई करू नये.